बसू की नको?

आम्ही मुरुडच्या बाया बोलतोय. जंजिऱ्याचं मुरुड नव्हे हो, आमचं दापोली तालुक्यातलं, हर्णैच्या शेजारचं. हे दर वेळी सांगावं लागतं, कारण समुद्र दोन्हीकडे आहे आणि पाहुणे चुकून भलत्याच मुरुडला पोचतात.

आमच्यातल्या बहुतेकींच्या घरी खानावळ आहे. कुणाकडे राहायला दोन खोल्या, कुणाकडे चार. दिवाळी आली की आमची धावपळ सुरू होते ती मे महिना संपेपर्यंत. सकाळी घावन-चटणी, दुपारी माशाचं ताट, ज्यांना चालत नाही त्यांना बिरड्याची उसळ, संध्याकाळी मोदकांची ऑर्डर. पाहुणे जेवून उठतात आणि किनाऱ्यावर जातात. तिथं ती केळ्यासारखी पिवळी लांबट रबरी बोट असते. मोटरबोट तिला ओढत आत नेते आणि मुद्दाम उलटी करते. लाइफ जॅकेट घातलेली माणसं पाण्यात पडतात, किंचाळतात, हसतात. पॅराशूटला बांधून आकाशात नेणारी बोटही असते. हे सगळं आम्ही ओसरीवर कांदा चिरत वर्षानुवर्षं बघत आलोय.

मागच्या मे महिन्यात पुण्याहून आलेल्या एका मुलीनं जेवता जेवता सहज विचारलं, "काकू, पॅराशूटमधून तुमचं घर दिसतं का हो?" वाढणारी म्हणाली, "आम्हाला काय माहीत? आम्ही कुठं बसलोय?" मुलगी बघतच राहिली. "इतकी वर्षं इथं राहून एकदाही नाही?"

त्या रात्री भांडी घासताना हा विषय निघाला. का बरं बसलो नाही? कुणी म्हणालं, पैसे लागतात. कुणी म्हणालं, वेळ कुठं मिळतो? कुणी म्हणालं, बरं दिसत नाही. एकजण हळूच म्हणाली, "मला कुणी विचारलंच नाही कधी." सगळ्यात खरं उत्तर तेच होतं. बसायचं की नाही हा प्रश्न आमच्यापुढे कधी आलाच नव्हता, त्यामुळे त्याचं उत्तर शोधायचीही वेळ आली नव्हती.

आमची भिशी आहे. दर दोन वर्षांनी त्या पैशांतून सहल निघते. आतापर्यंत गणपतीपुळे झालं, कोल्हापूर-नरसोबाची वाडी झाली, पंढरपूर झालं. या वेळी धाकट्या पोरींनी हट्ट धरला, इमॅजिकाला जाऊया. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेजवळ, खोपोलीच्या अलीकडे खालापूर तालुक्यात हे मोठं पार्क आहे, 2013 साली सुरू झालेलं. मुलांच्या शाळांच्या सहली तिथं जातात. आमची मुलं जाऊन आली, नवरे ऑफिसातल्यांबरोबर जाऊन आले. मग आम्ही का नाही?

दिवस बघून ठरवला. गणपती-गौरी आटोपलेल्या, भातकापणी अजून लांब, पाहुण्यांचा सीझन सुरू व्हायचा होता. चौदाजणी आणि एक छोटी बस. रात्री तीनला निघालो. दापोली, खेड, कशेडी, महाड, माणगाव, पेण असं करत खोपोलीला उजाडून चांगलं वर आलं होतं. वाटेत गाणी झाली, भेंड्या झाल्या, डबे संपले. पार्कच्या फाटकाशी बस वळली तेव्हा मात्र सगळ्या एकदम गप्प झाल्या. झाडांच्या वर ते रूळ दिसत होते.

त्या पाळण्याचं नाव नायट्रो. पाळणा म्हणतोय ते आपल्या तोंडात बसलेला शब्द म्हणून. खरं तर ती गाडी आहे, रोलर कोस्टर. उंची सुमारे 130 फूट, म्हणजे आमच्या वाडीतले दोन चांगले वाढलेले माड एकावर एक ठेवा. वेग ताशी 105 किलोमीटरपर्यंत. पाच वेळा माणूस डोकं खाली पाय वर होतो. आणि सगळ्यात भीती वाटावी अशी गोष्ट पुढेच आहे. गाडी सुटायच्या आधी पायाखालची फळी बाजूला होते आणि पाय अधांतरी लोंबकळतात. रूळ पाऊण किलोमीटरहून लांब आहेत. आम्ही खाली उभ्या होतो, तेवढ्यात एक गाडी डोक्यावरून गेली. आवाज आधी आला, गाडी नंतर दिसली, आणि किंकाळ्या त्याच्याही नंतर ऐकू आल्या असं वाटलं.

"अगो बाई," एवढंच कुणीतरी म्हणालं.

मैत्रिणींनो, सकाळी आम्ही तिकडे फिरकलोच नाही. मुलांच्या गाड्या झाल्या, अंधारातला सिनेमा झाला, भुताचा वाडा झाला. पण प्रत्येकीची नजर वर जायचीच. दुपारी सावलीत बसलो तेव्हा खरी चर्चा सुरू झाली. आज ती चर्चाच तुम्हाला सांगायची आहे, कारण गाडीत बसायला जेवढा वेळ लागला त्याच्या कितीतरी पट वेळ ठरवायला लागला, आणि शिकलो ते त्यातूनच.

पहिल्यांदा आम्ही ती गाडी समजून घेतली. आमच्यातल्या एकीची मुलगी इंजिनिअरिंगला आहे, तिला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. ती म्हणाली, "मावशी, विहिरीचा रहाट आठवा. रहाट पोहरा वर ओढतो तशी साखळी गाडीला टोकापर्यंत ओढून नेते. त्यानंतर गाडीला इंजिन नाही. चढवलेल्या उंचीच्या जोरावरच ती पुढं पळते." चढताना जो खट-खट-खट आवाज येतो, त्यानं जीव वर-खाली होतो ना? तो साखळी तुटायचा आवाज नाही. गाडी मागं घसरू नये म्हणून लावलेला खटका दातेरी पट्टीवरून सरकतो, त्याचा तो आवाज. म्हणजे ज्या आवाजाला आपण घाबरतो तोच आपल्याला धरून ठेवणारा.

मग उलटं झाल्यावर पडत कसं नाही? ती म्हणाली, "पाण्यानं भरलेली बादली गरगर फिरवून बघा. जोरात फिरवली तर थेंब सांडत नाही. शिवाय चाकं रुळाला वरून, खालून आणि बाजूनं अशी तिन्ही बाजूंनी धरून असतात." तो वळसा अगदी गोल नसतो, पाण्याच्या थेंबासारखा वर निमुळता असतो, कारण पूर्ण गोल केला तर खालच्या बाजूला माणसावर फार दाब येतो. आणि उतारावर पोटात गोळा येतो तो का? आपलं शरीर पडू लागतं, पोटातले अवयवही त्याच्याबरोबर पडू लागतात आणि क्षणभर त्यांचं वजनच जाणवत नाही. खाली पोचलं की उलट होतं, आपलंच अंग तिप्पट-चौपट जड झाल्यासारखं वाटतं.

हे कळल्यावर भीती गेली का? नाही. पण कशाची भीती वाटतेय ते तरी नीट कळलं. अंधारात दोरी दिसते तेव्हा सापाची भीती वेगळी आणि दिवा लावल्यावर उरते ती वेगळी.

आता कुणी म्हणेल, घाबरायचं कारणच काय, एवढे लोक बसतात. असं नाही हं. घाबरणं वेडेपणाचं नाही. 14 जुलै 2019 ला अहमदाबादला कांकरिया तलावापाशी लंबकासारखा झुलणारा पाळणा मोडून पडला, दोन माणसं गेली. एप्रिल 2025 मध्ये दिल्लीत एका पार्कातल्या रोलर कोस्टरवरून पडून एक तरुणी दगावली. आणि आपण बायकांनी लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट. 2018 साली हरियाणात पिंजोरला छोट्या शर्यतीच्या गाडीत, गो-कार्टमध्ये, केस अडकून एका तरुण बाईचा जीव गेला. पाळण्यात बसून हौस करावी, पण यंत्र हे यंत्रच असतं, त्याला आपली वेणी आणि आपला पदर ओळखू येत नाही.

म्हणून आम्ही तयारी करूनच गेलो होतो. चौघींनी आयुष्यात पहिल्यांदा पंजाबी ड्रेस घातला होता, सुनांचे आणि लेकींचे. ओढण्या बसमध्येच ठेवल्या. वेण्यांचे अंबाडे बांधले, गजरे काढले. चष्मे पर्समध्ये. मंगळसूत्राचा मोठा प्रश्न आला. काढायला दोघी-तिघी तयार नव्हत्या, आणि त्यांना कुणी काढ म्हणालंही नाही. शेवटी ते ड्रेसच्या आत घालून वरून गळ्याशी पिना लावल्या. जेवण आधीच झालं होतं, मग दीड-दोन तास थांबलो. भरल्या पोटी बसायचं नाही आणि अगदी उपाशीही बसायचं नाही.

रांगेच्या तोंडाशी मोठी पाटी होती. अशा पाट्या सगळ्याच मोठ्या पाळण्यांवर असतात, पण आपण त्या वाचत नाही. त्या दिवशी आम्ही मोठ्यानं वाचली. ज्यांना हृदयाचा त्रास आहे, रक्तदाब जास्त आहे, मानेचं किंवा पाठीचं दुखणं आहे, नुकतंच ऑपरेशन झालंय, फिट येतात किंवा ज्या गरोदर आहेत, त्यांनी बसू नये.

वाचून झालं आणि आमच्यातली एक वहिनी शांतपणे म्हणाली, "माझी बीपीची गोळी चालू आहे. मी बसत नाही. पर्सा द्या माझ्याकडे." विषय तिथंच संपला. दुसरी म्हणाली, "माझी कंबर भाताच्या लावणीतच गेलीय, मी पण नाही." तिसरी हौसेनं पुढं गेली, पण उंचीच्या खुणेपाशी कमी भरली. तिचं तोंड एवढंसं झालं. तेव्हा कुणीतरी तिला म्हणालं, "अगो, आपल्या अण्णा कर्व्यांना सातारच्या परीक्षेला वयानं लहान दिसतो म्हणून परत पाठवलं होतं. ते तर मुरुडहून चालत गेले होते. तू निदान बसनं आलीस." ती हसली, आम्हीही हसलो. महर्षी कर्वे आमच्याच गावचे, त्यामुळे असं काही झालं की ते मदतीला येतात. मापात न बसणं म्हणजे माणूस कमी असणं नव्हे, हे त्यांच्या आयुष्यानं आमच्या गावाला चांगलंच शिकवलंय.

आता आमच्या आक्कांची गोष्ट. आक्का त्रेसष्ट वर्षांच्या. सहलीच्या आधी दापोलीला डॉक्टरांना विचारून आल्या होत्या, "मी त्या पाळण्यात बसू काय?" डॉक्टरांनी तपासलं, रक्तदाब बघितला, हृदयाची पट्टी काढली आणि म्हणाले, "तुमची इच्छा असेल तर बसा, मला हरकत दिसत नाही." आम्ही रांगेत उभ्या होतो तेवढ्यात मुंबईहून आक्कांच्या मुलाचा फोन. कुणीतरी फोटो टाकला होता ना ग्रुपवर! "आई, त्या मोठ्या पाळण्यात अजिबात बसायचं नाही. हे काय वय आहे काय तुझं?"

आक्का म्हणाल्या, "बाळा, तू विरार गाडीला दारात लटकून जातोस, ते मला विचारून जातोस काय?"

तिकडून थोडा वेळ आवाज आला नाही. मग तो म्हणाला, "आई, पण काळजी वाटते गं."

"वाटणारच. मलाही तुझी वाटते. म्हणून तू लोकल सोडलीस काय?" आणि फोन ठेवला. तो रागावला नसेल, आईची काळजी वाटली म्हणून बोलला, हे आम्हालाही कळत होतं. पण काळजी करणं वेगळं आणि ठरवून टाकणं वेगळं. आपल्या घरांत ह्या दोन गोष्टी इतक्या मिसळून जातात की काळजीच्या नावाखाली बाईचा निर्णय दुसराच कुणीतरी घेऊन मोकळा होतो. लग्नाआधी बाप, मग नवरा, मग मुलगा. आक्कांनी त्रेसष्टाव्या वर्षी तो परत आपल्या हातात घेतला, आणि तोही अविचारानं नाही, डॉक्टरांना विचारून.

इथपर्यंत तुम्हाला वाटेल, काय शूर बाया! आमचंही तसंच झालं होतं. आक्कांच्या उत्तरानं आम्हाला जोर चढला. आणि त्या जोरात आमच्या हातून जे झालं ते आज सांगायचं आहे. ते सांगायला सोपं नाही.

आमच्यात एक नवी सून होती, लग्नाला दोन वर्षं झालेली. चोवीस-पंचविशीची असेल. सहलीत सगळ्यात जास्त उड्या मारणारी तीच. सकाळपासून ती सगळीकडे पुढं. आणि नायट्रोच्या रांगेपाशी आल्यावर म्हणाली, "मी नाही बसत."

झालं. आम्ही तिच्यावर तुटून पडलो. "अगो, आक्का बसतात आणि तू नाही?" "तुझ्या वयाची पोरं बघ किंचाळतायत." "भित्री भागूबाई!" एकजण म्हणाली, "नवऱ्यानं सांगितलंय वाटतं बसू नको म्हणून!" त्यावर तर सगळ्या खो-खो हसल्या. ती पण हसली. आम्हाला वाटलं, मजेत हसतेय. "चल गो, चल, काही होत नाही," म्हणत एकीनं तिचा दंड धरला आणि ती आमच्याबरोबर रांगेत आली. रांग लोखंडी कठड्यांतून वळत वळत जाते. पहिलं वळण झालं, दुसरं झालं. ती काही बोलत नव्हती. आम्ही चेष्टाच करत होतो.

तिसऱ्या वळणावर ती थांबली. तिचे ओठ पांढरे पडले होते. आक्कांनी तिच्याकडे बघितलं. एक शब्द विचारला नाही. फक्त आम्हाला म्हणाल्या, "तिला नाही म्हणायचंय ना? मग नाही. वाट द्या तिला." आणि त्या स्वतः तिला कठड्याखालून वाकवून, मागच्या लोकांची माफी मागत बाहेर सोडून आल्या. परत येऊन पुन्हा आपल्या जागी उभ्या राहिल्या. आम्ही थोड्या वरमलो, पण खरं सांगायचं तर दोन मिनिटांत विसरलोही. नंबर जवळ आला होता.

चौदापैकी आठजणी बसलो. खांद्यावरून जाड आडणी खाली आली, तिथल्या मुलानं प्रत्येकीची ओढून तपासली, पट्टा लावला. फळी सरकली. चपला आधीच काढून ठेवल्या होत्या, अनवाणी पाय लोंबकळू लागले. खट-खट-खट करत गाडी वर चालली. वरून सह्याद्रीचे डोंगर दिसतात हो, हिरवेगार. पण बघायला फुरसत नव्हती. एकीनं देवीचं नाव घ्यायला सुरुवात केली, दुसरी म्हणाली, "गप गो, रडू येतंय." आणि मग टोक आलं.

पुढचं नीट सांगता येत नाही. आकाश खाली गेलं, जमीन वर आली. इंजिनिअर मुलीनं सांगितलं होतं, डोकं मागं टेकून ठेवा, डोळे उघडे ठेवा, समोर बघा, म्हणजे चक्कर कमी येते. आठातल्या तिघींनीच डोळे उघडे ठेवले. त्या तिघींतल्या एक आक्का. बाकीच्यांनी नुसत्या आरोळ्या ठोकल्या. घरात कधी आवाज चढवला नाही अशा बायका तिथं मनसोक्त ओरडल्या. गाडी थांबली तेव्हा दोघी हसत होत्या, तिघी रडत होत्या आणि एकीला दोन्ही एकदम येत होतं. आक्का उतरल्या आणि म्हणाल्या, "बरं होतं." बस्स, एवढंच.

आठांतली एक मात्र उतरल्यावर म्हणाली, "पुन्हा जन्मात बसणार नाही. तुम्ही सगळ्या बसलात म्हणून मी बसले. मला मुळीच आवडलं नाही." तेही आम्ही हसण्यावारी नेलं.

परतीच्या वाटेवर माणगावला चहाला थांबलो. ती नवी सून आमच्यातल्या एकीच्या शेजारी बसली होती. हळू आवाजात तिनं सांगितलं, तिची पाळी आठ दिवस पुढं गेली होती. खात्री नव्हती. मागच्या वर्षी एकदा दिवस राहिले आणि तिसऱ्या महिन्यात गेले. ते घराबाहेर कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून या वेळी ती अजून नवऱ्यालाही बोलली नव्हती. सगळ्यांच्या समोर रांगेत उभं राहून ती काय कारण सांगणार होती?

ती म्हणाली, "मला वाटलं, कारण सांगितल्याशिवाय तुम्ही सोडणार नाही. आणि सांगितलं आणि खोटं निघालं तर? गावभर होईल. मग वाटलं, जाऊ दे, बसते."

जाऊ दे, बसते. मैत्रिणींनो, हे शब्द ऐकून आमच्या हातातला चहा गार झाला. पुढच्या आठवड्यात दापोलीला डॉक्टरांनी तपासलं. तिची शंका खरी होती. आज हे सगळं तिला विचारून, तिच्या संमतीनं सांगतोय. तीच म्हणाली, "रेडिओवर सांगा. माझ्यासारखी दुसरी कुणीतरी रांगेत उभी असेल."

सुनेला मुलं-बाळं, व्रतं-वैकल्यं, नोकरी, माहेर, सगळ्याबद्दल दुसऱ्यांनी सांगायचं आणि तिनं मान डोलवायची, याविरुद्ध आम्ही कितीदा बोलतो. आक्कांच्या मुलानं नको म्हटलं तेव्हा आम्ही टाळ्या पिटल्या. आणि लगेच पाच मिनिटांत आम्हीच दुसऱ्या बाईचा दंड धरून तिला ओढत होतो. नको म्हणणाऱ्यांपुढं आम्ही शूर होतो, पण बस म्हणणाऱ्या आम्हीच झालो तेव्हा आम्हाला ते दिसलं नाही. हसत हसत केलेली जबरदस्ती ही जबरदस्तीच असते. तिच्यात ओरडणं नसतं, म्हणून ती ओळखू येत नाही एवढंच.

आम्हाला पुष्कळदा वाटतं, भीतीवर मात करणं म्हणजे धाडस. आता वाटतं, तेराजणींच्या हसण्यापुढं "नाही" म्हणून परत फिरणं, त्यालाही तेवढंच बळ लागतं. कदाचित जास्तच. आमच्याच गावानं 1893 साली अण्णा कर्व्यांवर बहिष्कार घातला होता, विधवेशी लग्न केलं म्हणून. पाळण्याची आणि त्या गोष्टीची बरोबरी होणार नाही, पण सगळं गाव एकीकडे आणि एक माणूस दुसरीकडे असतं तेव्हा गावाला आपण बरोबर आहोत असंच वाटत असतं. आम्हालाही तसंच वाटत होतं.

त्यानंतर भिशीच्या बैठकीत आम्ही काही गोष्टी ठरवल्या. मोठ्या नाहीत, पण पाळतोय.

"बसू का?" असं कुणी विचारलं तर आपण उत्तर द्यायचं नाही. आपण माहिती द्यायची. किती उंच आहे, काय होतं, कुणी बसू नये, ते सांगायचं. पाटी मोठ्यानं वाचायची, म्हणजे ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही कळतं आणि ज्यांना बोलायचं नाही त्यांना आपसूक मागं राहता येतं. शरीरानं नाही म्हटलं असेल, गोळी चालू असेल, दिवस असतील, दुखणं असेल, तर तिथं धीर देणं, चिडवणं काही नाही. तो विषय डॉक्टरांचा.

नुसती भीती असेल तर तिलाच विचारायचं, कशाची वाटते? उंचीची, वेगाची, की लोक हसतील याची? कधी कधी माहिती मिळाली की भीती उतरते, कधी उतरत नाही. न उतरली तरी चालेल. ज्या दोघी नुसतं मन होत नाही म्हणून खाली राहिल्या, त्यांनी झाडाखाली बसून आइसक्रीम खाल्लं आणि त्यांचा दिवस आमच्याइतकाच छान गेला.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. नाही म्हणणाऱ्या बाईला कारण विचारायचं नाही. कारण तिचं आहे, ते तिच्याजवळ राहू दे. सांगावंसं वाटलं तर माणगावला चहा पिताना ती आपणच सांगेल.

आणखी एक सांगतो, कारण मोठ्या पार्कला सगळ्या जात नाहीत, पण जत्रेला सगळ्या जातात. जत्रेतल्या आकाशपाळण्यात मुलांना बसवण्याआधी एक फेरी मारून खाली बघा. पाळण्याचे पाय सपाट जमिनीवर आहेत का, की दगड-फळकुटं घालून टेकवलेत? बसण्याची दांडी चालवणारा स्वतः लावतो का, की "धरून बसा" म्हणून सोडून देतो? ठरल्यापेक्षा जास्त पोरं कोंबतो का? पाऊस पडून जमीन भुसभुशीत झालीय का? मनात शंका आली तर तिकिटाचे पैसे गेले समजा आणि पुढं चला. पोर रडेल, भजी घेऊन द्या, गप्प होईल.

आता पुन्हा सीझन येतोय. खोल्या सारवून-रंगवून झाल्या. परवा सकाळी पाहुणे यायच्या आत आमच्यातल्या सातजणी किनाऱ्यावर गेलो होतो. लाइफ जॅकेट घातली, पट्टे एकमेकींचे ओढून बघितले आणि त्या पिवळ्या केळ्यावर बसलो. बोटवाला मुलगा आमच्याच वाडीतला, तो म्हणाला, "काकी, उलटवू काय?" आम्ही सातजणींनी एकमेकींकडे बघितलं. चौघी म्हणाल्या, उलटव. तिघी म्हणाल्या, नको.

त्यानं उलटवली नाही. तिघींना किनाऱ्यावर सोडून चौघींना परत घेऊन गेला आणि मग उलटवली. ज्या पडल्या त्यांच्या नाका-तोंडात खारं पाणी गेलं. ज्या किनाऱ्यावर होत्या त्या पोट धरून हसल्या. आणि नवी सून? ती वाळूत चादर टाकून सगळ्यांच्या चपला सांभाळत बसली होती. तिला कुणी काही विचारलं नाही.

पुण्याची ती मुलगी पुन्हा आली, तर आता तिला उत्तर देता येईल. तुम्हीही कधी मुरुडला आलात तर आमच्याकडे जेवायला या. बोटीत बसायचं की नाही, ते मात्र तुमचं तुम्ही ठरवा.